तांबोळ्याचा शेख झाला, मिळालं काय?

जून महिना लागला की पहिलीच्या प्रवेशाचं टेबल माझ्याकडे येतं. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येतं, अक्षर बरं आहे, म्हणून हे काम वीस वर्षं माझ्याच गळ्यात आहे. गेल्या जूनमध्ये एक बाप मुलाला घेऊन आला. मुलाच्या जन्मदाखल्यावर आडनावाची जागा कोरी होती. बापाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तांबोळी होतं, आजोबांच्या जुन्या रेशनकार्डावरही तांबोळी होतं. प्रवेशाच्या फॉर्मवर मात्र त्याने लिहिलं होतं, शेख.

मी विचारलं, "हे काय?"

तो जरा ओशाळला. मग म्हणाला, "सर, तांबोळी बोले तो लोग पानवाला समझते. बच्चे को आगे तकलीफ नको. शेख लगा दो, अच्छा दिखता है."

मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि अर्धा तास त्याचं डोकं खाल्लं. तो बिचारा ऐकत राहिला, कारण मुलाचा प्रवेश माझ्या हातात होता. तुमच्यावर माझी तशी काही सत्ता नाही. तरीही सांगतो, कारण हा एकट्या तांबोळ्याचा प्रश्न नाही.

आधी एक कडू गोष्ट. २०२४ साली आमच्या जिल्ह्याचं नाव सरकारने बदललं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातला, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, १७२५ चा. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे आणि त्या नावाशी माझं भांडण नाही. पण त्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यात चहाच्या प्रत्येक टपरीवर एकच सूर होता: बघा, आपली निशाणी पुसली. पाचशे वर्षांचं नाव गेलं. खरं आहे, वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण त्याच टपरीवर बसलेल्या किती जणांच्या घरचं नाव गेल्या दोन पिढ्यांत पुसलं गेलंय? बागवानचं शेख झालं, पिंजारीचं शेख झालं, मुलाणीचं सय्यद झालं, शिकलगारचं खान झालं. ते कुठल्या सरकारने केलं? कुठल्या मंत्रिमंडळाने ठराव केला? शहराचं नाव दुसऱ्यांनी बदललं तर आपण हळहळतो. घराचं नाव आपणच बदलतो आणि वर सांगतो की आता कसं चांगलं दिसतं.

आता त्या 'पानवाला' शब्दाकडे येऊ. तांबोळी हा शब्द संस्कृत 'तांबूल' पासून आला. तांबूल म्हणजे विडा. लग्नात, सणात, पंचांच्या बैठकीत विड्याशिवाय पान हलत नव्हतं, आणि तो विडा पुरवणारा तो तांबोळी. हे आडनाव हिंदूंतही आहे, मुसलमानांतही आहे. मणियार म्हणजे संस्कृतातला 'मणिकार', बांगड्या भरणारा. बागवान फारसी आहे, बाग राखणारा. शिकलगार फारसी 'सैकलगर' वरून आलं, हत्यारांना धार आणि चकाकी देणारा. अत्तार अरबी आहे, सुगंध आणि औषधी विकणारा. नदाफ अरबी, पिंजारी मराठी, आणि दोघांचा अर्थ एकच: कापूस पिंजणारा. आपल्या एका मोहल्ल्यातल्या दारांवरच्या पाट्या वाचत गेलात तरी संस्कृत, मराठी, फारसी, अरबी अशा चार भाषा भेटतात. याची लाज वाटायचं कारण काय?

कारण सांगतो. आपल्याला वाटतं की धंद्याचं नाव म्हणजे हलकं नाव. हे कुणी शिकवलं? इस्लामने नक्कीच नाही. फरीदुद्दीन अत्तार यांचं नाव आपण अदबीने घेतो. अत्तार हा त्यांचा धंदा होता. मन्सूर हल्लाजचं नाव घेतो. हल्लाज म्हणजे अरबीत पिंजारी. आपल्याकडचे पिंजारी स्वतःला मन्सूरी म्हणवून घेतात ते त्याच मन्सूरच्या नावावरून. उमर खय्याममधला खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. हे झाले कवी आणि सूफी. फिकहचे विद्वान पाहा. आपल्या भागात बहुतेक जण हनफी. इमाम अबू हनीफा स्वतः रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या मसलकातले मोठे विद्वान खस्साफ, म्हणजे चांभार. जस्सास, म्हणजे गिलावा करणारा. हलवानी, म्हणजे मिठाईवाला. ही नावं हजार वर्षं किताबांत लिहिली जातायत, मदरशांत वाचली जातायत. कुणी म्हटलं का, की चांभाराचं नाव आहे, जरा शेख करून टाका, चांगलं दिसेल? बुखारा-बगदादच्या विद्वानाला धंद्याच्या नावाची शर्म वाटली नाही आणि नगरच्या तांबोळ्याला वाटते!

आणि शेख म्हणजे तरी काय? अरबीत म्हातारा माणूस, वडीलधारा, टोळीचा प्रमुख. आदराचा शब्द आहे, पण वंशाचा पुरावा नाही. आपल्याकडे शेख, सय्यद, मोगल, पठाण असे चार वर्ग धरायची पद्धत पडली, आणि जो बाकीच्या तिघांत बसत नव्हता तो शेखमध्ये बसला. जुन्या कागदांत तर शेख हे बऱ्याचदा आडनाव नसून नावाच्या आधी लागायचं: शेख अमुक वलद शेख तमुक. म्हणजे घराला ओळख देणारा शब्द टाकून आपण असा शब्द घेतला जो नुसता 'मुसलमान' एवढंच सांगतो. वर्गात पन्नास मुलं आणि त्यांत चाळीस शेख असले की हजेरी घेताना माझी काय अवस्था होते ते मला विचारा. एकाच वर्गात एकाच नावाचे तीन शेख असतात. मग आम्ही शिक्षक काय करतो? त्यांना ओळखायला म्हणतो, तो बागवान गल्लीतला, तो पिंजाऱ्याचा, तो मुलाण्याचा. कागदावरून पुसलेलं आडनाव तोंडी वापरावंच लागतं.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे, म्हणून टाळत नाही. लोक म्हणतात, "सर, इस्लाममध्ये जात नाही. मग जातीचं आडनाव कशाला टिकवायचं? सगळे शेख झाले तर सगळे सारखे झाले." बोलायला छान आहे. मी एकच प्रश्न विचारतो: मुलीचं स्थळ आलं की मध्यस्थाला काय विचारता? "असल में कौन हैं?" हाच प्रश्न असतो की नाही? कागदावर शेख असला तरी सय्यदाच्या घरात पिंजाऱ्याची मुलगी सून म्हणून चालत नाही, हे आपल्या बिरादरीत कोण जाणत नाही? नाव गेलं, भेद तिथेच राहिला. आणि जरा प्रामाणिकपणे बघा, आपण सगळे 'सारखे' झालो नाही, आपण वरच्या पायरीवर सरकायचा प्रयत्न केला. समतेसाठी नाव बदलायचं होतं तर एखाद्या सय्यदाने पिंजारी आडनाव घेतलेलं दाखवा. मी तरी पाहिलेलं नाही. सूरह अल-हुजुरातमध्ये सांगितलंय की तुम्हाला कौमांत आणि कबिल्यांत विभागलं ते एकमेकांना ओळखता यावं म्हणून, आणि श्रेष्ठ तो जो परहेजगार. ओळख पुसा असं तिथे म्हटलेलं नाही. ओळखीवरून हिणवू नका, असं त्याच सूरहमध्ये, दोन आयती आधी, म्हटलंय. आपण उलटं केलं. हिणवणं चालू ठेवलं आणि ओळख पुसली.

दुसरा आक्षेप: पैगंबर साहेबांनी लोकांची नावं बदलली होती. हो, बदलली. पण कुठली? ज्यांचा अर्थ वाईट होता ती. 'आसिया', म्हणजे अवज्ञा करणारी, अशा नावाच्या बाईचं नाव त्यांनी 'जमीला' केलं. (फिरऔनच्या बायकोचं आसिया हे नाव वेगळं. एक ऐन आणि स्वादचं, दुसरं अलिफ आणि सीनचं. देवनागरीत दोन्ही सारखी दिसतात, म्हणून उर्दूच्या मास्तराला मध्ये बोलावं लागतं.) उमर, हमजा, खदीजा ही नावं इस्लामच्या आधीची. ती तशीच राहिली. इब्राहीम, मूसा, मरियम ही तर मुळात अरबीही नाहीत. परवेज, जमशेद, रुस्तम, शिरीन ही इस्लामपूर्व इराणची. 'इस्लामी नाव' म्हणून आपण ज्याच्या मागे धावतो ते पुष्कळदा नुसतं परदेशी नाव असतं.

आता कागदाकडे येतो. ही गोष्ट माझ्या घरची आहे.

माझे आजोबा पिंजारी. शेवगाव तालुक्यातल्या खेड्यांतून दिवाळीनंतर फिरायचे, लोकांच्या गाद्या-रजया पिंजून भरून द्यायचे. अब्बा हायस्कुलात गेले तेव्हा वर्गातली पोरं कापूस पिंजायच्या कमानीचा आवाज काढायची, टुंग टुंग टुंग. अब्बांनी कंटाळून नाव शेख करून घेतलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मी दोष देत नाही. मीही कदाचित तेच केलं असतं. जातीच्या रकान्यात लिहिणाऱ्याने 'मुसलमान' एवढंच लिहिलं आणि शाई वाळली.

पुढे १९९४ साली महाराष्ट्र सरकारने मुस्लिमांतल्या मागास व्यवसायी जमातींना ओबीसीच्या सवलती देण्याचा निर्णय काढला. त्यामागे शब्बीर अन्सारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची पायपीट होती. दिलीपकुमारही त्या चळवळीसोबत उभे राहिले होते. ज्या माणसाने सिनेमासाठी युसूफ खान हे नाव बाजूला ठेवलं, तो माणूस गावोगावच्या बागवान-तांबोळी-पिंजाऱ्यांना सांगत होता की तुमची ओळख लपवू नका, हक्क मागा. पण हक्क मागायला पुरावा लागतो. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद मागतात. वडिलांचा, आजोबांचा, नाहीतर वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचा. त्यावर जमातीची नोंद हवी.

माझ्या धाकट्या बहिणीला बारावीला चांगले गुण होते. तिला डी.एड. करायचं होतं. दाखल्यासाठी आम्ही अर्ज केला. कागद मागितले. अब्बांच्या दाखल्यावर नाव शेख, जात मुसलमान. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. कार्यालयातल्या माणसाने फाइल परत सरकवली. नियमाने त्याचं बरोबर होतं. आम्ही शोधत राहिलो, प्रवेशाची मुदत संपली, दुसरं वर्ष गेलं, मग तिचं लग्न झालं. लग्नानंतर तीन वर्षांनी आजोबांच्या थोरल्या भावाची नोंद सापडली. एका मराठी शाळेच्या जुन्या रजिस्टरात, सन १९३८, दोन इयत्ता शिकून शाळा सोडलेली, आणि जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात: पिंजारी. त्या एका शब्दावर पुढे माझ्या भावाच्या मुलांचे दाखले निघाले. बहीण आज घरी शिवणकाम करते. ती कधी तक्रार करत नाही. मी मात्र दर जूनमध्ये रजिस्टर उघडलं की तिची आठवण काढतो.

रजिस्टरातल्या एका शब्दाची किंमत काय असते हे आता साऱ्या महाराष्ट्राला कळलंय. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत 'कुणबी' हा शब्द शोधायला दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला. गावोगावचे मराठे शेतकरी पणजोबाचा दाखला शोधत फिरले. त्यांच्या पूर्वजाने लिहिलेला एक शब्द नातवंडांना हवा होता. आपला तोच शब्द आपल्याकडे होता, आणि आपण तो हौसेने खोडला. नुसतं आडनाव हा पुरावा होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते आडनाव सांगतं. ते गेलं की चार शेखांच्या वंशावळीत कोण कुठला, हे ठरवायला दोरीचं टोकच हाती लागत नाही.

हे सगळं फक्त सवलतीसाठी, असंही समजू नका. नगरच्या मातीत नावांच्या ज्या गोष्टी आहेत त्या ऐकल्या तर स्वतःच्या नावाची लाज वाटणार नाही.

हे शहर वसवणाऱ्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन. फरिश्ता हा इतिहासकार काही काळ याच नगरात राहिलेला. तो लिहितो की मलिक हसन मूळचा ब्राह्मणाचा मुलगा, नाव तिमाप्पा, बापाचं नाव भैरव. त्या भैरवचं 'बहरी' झालं आणि मलिक हसन बहरी म्हणून ओळखला गेला. सुलतानांच्या बापाने आपल्या बापाचं नाव टाकलं नाही, मोडून-तोडून का होईना, शेवटपर्यंत मिरवलं. पुढे बुरहान निजामशाहाने वऱ्हाडच्या इमादशाहाकडून पाथरी घेतली तीही का, तर ते पूर्वजांच्या कुलकर्णीपणाचं गाव म्हणून, असं फरिश्ताच सांगतो. तख्तावर बसलेल्याला पूर्वजांच्या वतनाची आठवण होती. टपरीवर बसलेल्याला का नसावी?

मलिक अंबरचं पाहा. हबशी देशात जन्मलेला मुलगा, मूळ नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला. मालकाने नाव ठेवलं अंबर. तेव्हा गुलामांना सुगंधाची आणि रत्नांची नावं देत: अंबर, काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. वस्तूला नाव द्यावं तसं. तो पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मोगलांना वर्षानुवर्षं दमवलं, जमिनीच्या मोजणीची आणि सारावसुलीची त्याची घडी दख्खनेत नावाजली गेली. मनात आणलं असतं तर हे गुलामीचं नाव त्याला बदलता आलं नसतं का? १६२६ साली तो वारला तेव्हाही तो अंबरच होता. नावाने त्याला मोठं केलं नाही, त्याने नावाला मोठं केलं.

आणि चाँदबीबी. १५९५-९६ मध्ये अकबराच्या फौजेसमोर नगरचा किल्ला लढवणारी सुलताना. चाँद हा शब्द अरबी नाही, फारसी नाही. तो आपल्या 'चंद्र' शब्दाचाच लेक. निजामशाही घराण्यातल्या लेकीचं हे नाव. आज एखाद्या आईने मुलीचं नाव चाँद ठेवलं तर नणंदा म्हणतील, "ये तो पुराना है, कुछ अरबी रखो ना."

आता माझ्या हिंदू वाचकांशी दोन शब्द. तुमच्यापैकी काहींना वरचं वाचून बरं वाटलं असेल: बघा, शेवटी तुमची नावंही इथलीच. इथलीच आहेत, त्यात वाद नाही. पण तुमच्या आडनावांचीही जरा चौकशी करा. चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस यांच्यातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. पारसनीस तर उघडच फारसी लिहिणारा. इनामदार, जमादार, हवालदार, किल्लेदार, मिरासदार यांतला 'दार' फारसी. मुजुमदार, दफ्तरदार तेच. गावात पिराजी असतो, फकीरा असतो, गुलाबराव, दौलतराव, हैबतराव, हिंमतराव असतात. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ या पीरावरच्या श्रद्धेने मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा सगळ्यांना माहीत आहे. त्या शरीफजींना १६२४ साली इथूनच जवळ भातवडीच्या लढाईत मरण आलं. त्याच मालोजींचे गुरू म्हणून श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं नाव घेतात. 'योगसंग्राम' लिहिणारा हा संत वारकऱ्यांना आपला वाटतो, आणि त्याच्या नावात शेख आहे, महंमद आहे. तेव्हा शेख, महंमद म्हटलं की भिवई वर जाते, ती कृपा करून खाली घ्या. "तुमचं मराठी किती छान आहे हो" असं मला दर कार्यक्रमात कुणीतरी सांगतं. मराठी माझ्या घरची आहे. त्यात कौतुक ते काय?

आणि एक. 'अब्दुल' हे नाव आजकाल मोबाइलवरच्या विनोदांत शिवीसारखं फिरतं. अब्दुल म्हणजे 'चा सेवक', आणि पुढे अल्लाहचं एखादं नाव यावं लागतं. अब्दुल रहमान म्हणजे त्या दयाळूचा सेवक. नुसतं अब्दुल हे अर्धं वाक्य आहे. बँकेतला कारकून ते तोडून अब्दुल पहिल्या रकान्यात आणि रहमान बापाच्या रकान्यात भरतो, मग आम्ही सहा महिने दुरुस्तीच्या रांगेत. कारकुनाचं अज्ञान मी समजू शकतो. पण शिवी देणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की तो देवाच्या सेवकाला शिवी देतोय.

पुन्हा आपल्या घरात येऊ. पहिल्या नावांचाही गोंधळ कमी नाही. मोबाइलवर शोधून नावं ठेवतात, अर्थ विचारत नाहीत. शारिक म्हणजे तळपणारा, सारिक म्हणजे चोर. बोलताना श चा स झाला आणि तसाच दाखल्यावर चढला की चमकणाऱ्या पोराचा चोर झाला. 'अलीम' ऐनने लिहिलं तर सर्वज्ञ, अलिफने लिहिलं तर वेदना देणारा. मागची पिढी दगडू, धोंडू अशी नावं ठेवायची, मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून. हिंदूंत ठेवायची, आपल्यातही ठेवायची. त्या नावांना आपण हसतो. पण दगडू म्हणताना आईला माहीत होतं की ती काय मागतेय. आपल्याला माहीत असतं का?

म्हणून माझं मागणं साधं आहे. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, आपण कोण, धंदा काय होता, कुठल्या गावात. ते लिहून ठेवा. आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या शाळेत एखादं वर्ष जरी गेले असतील, तिथून रजिस्टरचा उतारा काढून आणा. गरज पडेल तेव्हा नाही, आताच. मुलाच्या सगळ्या कागदांवर एकच नाव, एकाच स्पेलिंगने लिहा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लावायचा नियम आलाय, तर आईचं नावही नीट, पूर्ण लिहा, नुसतं 'बी' किंवा 'बेगम' करून सोडू नका. आणि माझ्या शिक्षक भावांनो, जातीच्या रकान्यात 'मुस्लिम' लिहून हात झटकू नका. विचारा. आपल्या दोन मिनिटांच्या आळसात एखाद्या मुलीचं डी.एड. जातं.

तो तांबोळी बाप चहा पिऊन फॉर्म घरी घेऊन गेला. म्हणाला, माँ को पूछता. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. आडनावाच्या जागी शेखच होतं. मी काही बोललो नाही. मुलाचं नाव ठरवायचा हक्क त्याचा आहे, माझा नाही. मग मी जातीच्या रकान्यावर पेन टेकवला आणि त्याच्याकडे बघितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. बाजूला पोरगं टेबलाच्या काठावरून रजिस्टरात डोकावत होतं.

"लिखो," तो म्हणाला. "मुस्लिम तांबोळी लिखो. माँ ने बोला है, वो मत काटना."

मी लिहिलं, जरा ठसठशीत अक्षरात.